हॅमिल्टन वास्तववादी, जेफरसन आदर्शवादी? मग लुइझियाना घेतले कोणी?

अमेरिकेच्या सुरुवातीच्या परराष्ट्र धोरणाबद्दल एम.ए.च्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "नोट्समध्ये हॅमिल्टनच्या खाली 'वास्तववाद' आणि जेफरसनच्या खाली 'आदर्शवाद' असे दोन रकाने असतात. पण देशाचा आकार दुप्पट करणारा लुइझियानाचा व्यवहार जेफरसनच्याच कारकिर्दीत झाला. मग विस्तार कोणत्या रकान्यात लिहायचा? आणि मन्रो सिद्धान्त तत्त्वातून आला की स्वार्थातून?"

हा पेपर मी बरीच वर्षे शिकवतो आहे आणि या दोन रकान्यांनी विद्यार्थ्यांचे जेवढे नुकसान केले आहे तेवढे दुसऱ्या कशाने केलेले नाही. हॅमिल्टन आणि जेफरसन हे पहिला राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन याचे दोन मंत्री. वास्तववाद म्हणजे ताकद आणि हिताचा हिशेब, आदर्शवाद म्हणजे तत्त्वाला मान. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. विस्तार कुठल्याच रकान्यात बसणार नाही, कारण त्यावर या दोघांचा वाद नव्हताच. वाद होता तो अटलांटिकपलीकडच्या सत्तांशी कसे वागायचे, याचा. अ‍ॅपलेशियन डोंगरांच्या पलीकडची जमीन आज ना उद्या आपली होणार, हे दोघांनीही गृहीत धरले होते. म्हणून कुठलाही दस्तऐवज हाती घेतला की आधी पाहायचे: लिहिणाऱ्याचे तोंड पूर्वेला आहे की पश्चिमेला? एकच माणूस दोन दिशांना दोन वेगळ्या भाषा बोलताना सापडतो.

सुरुवातीची परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. १७८४ मध्ये काँग्रेसने सैन्य इतके कमी केले की फोर्ट पिट आणि वेस्ट पॉइंट मिळून ८० शिपाई उरले. १७८५ मध्ये आरमारातले शेवटचे जहाज विकून टाकले. ज्या देशाकडे ८० शिपाई आहेत, त्याचे परराष्ट्र धोरण दुसऱ्यांच्या भांडणांवरच चालणार. १७८३ च्या पॅरिस तहात हेच झाले. काँग्रेसची सूचना होती की फ्रान्सला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. बेंजामिन फ्रँकलिन, जॉन जे आणि जॉन अ‍ॅडम्स यांनी ती बाजूला ठेवली, ब्रिटनशी परस्पर बोलणी केली आणि मिसिसिपीपर्यंतची हद्द पदरात पाडून घेतली. फ्रेंच परराष्ट्रमंत्री व्हर्जेन संतापला. फ्रँकलिनने त्याला पत्र लिहिले: चूक झाली ती शिष्टाचाराची, पण आपल्यात फूट पडली असे इंग्रजांना वाटू लागले आहे, त्यांना तो आनंद मिळू देऊ नये. त्यानंतर फ्रान्सने आणखी साठ लाख लिव्हर कर्ज दिले. मुत्सद्देगिरीचा यापेक्षा चांगला नमुना मला वर्गात दाखवता येत नाही.

आता तुमच्या दोन रकान्यांकडे. १७९३ मध्ये फ्रान्सने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले. १७७८ च्या करारानुसार फ्रान्सच्या वेस्ट इंडीजमधल्या वसाहतींची हमी अमेरिकेने घेतलेली होती. अर्थमंत्री हॅमिल्टनचे म्हणणे: करार बचावाचा होता, युद्ध फ्रान्सने सुरू केले, आपल्याकडे आरमार नाही, आणि राष्ट्राने उपकाराच्या ओझ्याखाली स्वतःचा जीव धोक्यात घालायचा नसतो. शिवाय सरकारचा खर्च चालत होता आयात शुल्कावर आणि आयात मुख्यतः ब्रिटनमधून होत होती. परराष्ट्रमंत्री जेफरसनचे म्हणणे: करार राजाशी नव्हता, राष्ट्राशी होता. राजाचे डोके उडवले म्हणून करार रद्द होत नाही.

इथपर्यंत नोट्समध्ये असते. त्यात जे नसते ते असे की युद्धात पडायचे नाही यावर दोघांचे एकमत होते. जेफरसनचा आक्षेप तटस्थतेच्या जाहीर घोषणेला होता. तटस्थता ही विकायची वस्तू आहे, ब्रिटनने तिच्यासाठी काही किंमत मोजावी, आधीच फुकट का देऊन टाकायची, असे तो म्हणत होता. हा काय भाबडा आदर्शवाद झाला? २२ एप्रिल १७९३ ला वॉशिंग्टनने घोषणा काढली तेव्हा त्यात 'तटस्थता' हा शब्दच ठेवला नव्हता. फ्रेंच वकील जने याने अमेरिकी बंदरांतून खासगी लढाऊ जहाजे सजवायला घेतली आणि कुणाचे ऐकेना झाला, तेव्हा त्याला परत बोलावून घ्या असे फ्रान्सला कळवणारे खरमरीत पत्र जेफरसननेच लिहिले.

उलट वास्तववादी हॅमिल्टन कसा वागला ते पाहा. १७९४ मध्ये जॉन जे लंडनमध्ये बोलणी करत होता. स्वीडन आणि डेन्मार्क यांच्या सशस्त्र तटस्थ गटात अमेरिका सामील होईल, ही धमकी त्याच्या हातातले महत्त्वाचे पान होते. हॅमिल्टनने इकडे तेव्हाच्या राजधानीत, फिलाडेल्फियात, ब्रिटिश वकिलाला सांगून टाकले की आम्ही त्या गटात जाणार नाही. बोलणी चालू असताना आपलेच पान उघडे करून दाखवण्याला कुठल्या व्याख्येने वास्तववाद म्हणायचे, हे मला अजून पटलेले नाही. ब्रिटनशी व्यापार तुटला तर आपली सगळी अर्थव्यवस्था कोसळेल, ही त्याची खरी भीती होती. भीती आणि हिशेब यांतला फरक तुम्ही उत्तरात जरूर दाखवा.

जॉन जेने केलेल्या करारावर देशभर गदारोळ झाला. सिनेटमध्ये तो २० विरुद्ध १० अशा बरोबर दोन-तृतीयांश मतांनी निसटता मंजूर झाला. ब्रिटिश आरमार अमेरिकी जहाजांवरचे खलाशी सक्तीने धरून नेत असे, ते थांबवण्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हते. पण अमेरिकेच्या हद्दीतले, अजून आपल्या ताब्यात ठेवलेले वायव्येकडचे किल्ले ब्रिटिशांनी १७९६ पर्यंत सोडायचे कबूल केले. आपल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट: या कराराच्या तेराव्या कलमाने अमेरिकी जहाजांना हिंदुस्थानातल्या ब्रिटिश बंदरांत व्यापाराची परवानगी मिळाली. मुंबई आणि कलकत्त्याच्या बंदरात अमेरिकी व्यापारी दिसू लागण्यामागे हे कलम मोठे कारण आहे. आणि अमेरिका ब्रिटन जवळ येताहेत या धसक्याने स्पेनने १७९५ मध्ये मिसिसिपीतून वाहतूक आणि न्यू ऑर्लिन्सला माल उतरवून ठेवण्याचा हक्क देऊन टाकला. पश्चिमेच्या शेतकऱ्याचे पीठ, डुकराचे मांस, तंबाखू हे सगळे याच नदीने बाहेर जात असे. डोंगर ओलांडून ते पूर्वेला नेणे परवडत नव्हते.

इथे थांबून एक तिसरा करार पाहा. त्याला परराष्ट्र धोरणाच्या प्रकरणात बहुतेक जण जागाच देत नाहीत. ओहायो नदीच्या वायव्येकडच्या प्रदेशासाठी काढलेल्या १७८७ च्या वायव्य अध्यादेशात लिहिले होते की मूलनिवासींशी नेहमी अत्यंत सचोटीने वागले जाईल आणि त्यांची जमीन त्यांच्या संमतीशिवाय कधीही घेतली जाणार नाही. त्याच अध्यादेशात ती जमीन घटकराज्यांत कशी वाटायची, किती वस्ती झाली की राज्याचा दर्जा मिळेल (६० हजार स्वतंत्र रहिवासी), याचे नियमही होते. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर. नोव्हेंबर १७९१ मध्ये मायामी, शॉनी आणि त्यांच्या मित्रजमातींनी जनरल सेंट क्लेअरच्या फौजेतले सहाशेहून अधिक सैनिक मारले. मूलनिवासींच्या हातून अमेरिकी सैन्याचा एवढा मोठा पराभव पुन्हा कधी झाला नाही. मग जनरल वेनची फौज गेली. ऑगस्ट १७९४ मध्ये फॉलन टिंबर्सच्या लढाईत मूलनिवासी हरले, पळत जवळच्या ब्रिटिश किल्ल्यापाशी आले, तर आतल्यांनी दरवाजा उघडला नाही. पुढच्या वर्षी ग्रीनव्हिलच्या तहात आजच्या ओहायो राज्याचा बराचसा भाग गेला. मोबदला: २० हजार डॉलरचा माल आणि दरसाल साडेनऊ हजार डॉलरचा माल. 'संमती' अशी मिळाली.

हे तह सिनेटकडे मंजुरीसाठी जात, जसे ब्रिटनशी केलेले तह जात, आणि ही पद्धत १८७१ पर्यंत चालू होती. म्हणजे कायद्याच्या भाषेत हे परराष्ट्र धोरणच होते. आपल्या अभ्यासक्रमात ते 'अंतर्गत प्रश्न' म्हणून दुसऱ्या प्रकरणात ढकलले गेले आहे, आणि त्यामुळेच विस्तार हा वास्तववाद-आदर्शवादाच्या चर्चेत कुठून तरी अचानक उगवल्यासारखा वाटतो.

आता लुइझियाना. हा व्यवहार नीट उलगडला तर तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते.

१८०० मध्ये स्पेनने लुइझियाना (न्यू ऑर्लिन्ससह मिसिसिपीच्या पश्चिमेचा अफाट प्रदेश) गुप्त कराराने नेपोलियनला परत दिले. बातमी फुटली तेव्हा जेफरसन राष्ट्राध्यक्ष होता. ४ मार्च १८०१ च्या पहिल्याच भाषणात त्याने सर्वांशी मैत्री आणि गुंतवून टाकणारी युती कुणाशीच नाही, असे सांगितले होते. फ्रान्सवर त्याचे प्रेम जगजाहीर. आणि १८ एप्रिल १८०२ ला तो पॅरिसमधल्या आपल्या वकिलाला, रॉबर्ट लिव्हिंग्स्टनला लिहितो: जगाच्या पाठीवर एक अशी जागा आहे की ती ज्याच्या ताब्यात असेल तो आपला स्वाभाविक शत्रू, ती जागा न्यू ऑर्लिन्स. फ्रान्स तिथे आला त्या दिवसापासून आपल्याला ब्रिटिश आरमाराशी आणि राष्ट्राशी लग्नगाठ बांधावी लागेल. हे पत्र हॅमिल्टनच्या नावाने छापले तर एकाही विद्यार्थ्याला शंका येणार नाही. मी वर्गात नाव झाकून वाचायला देतो आणि बहुतेक हात हॅमिल्टनसाठी वर होतात.

त्याच ऑक्टोबरात न्यू ऑर्लिन्समधल्या स्पॅनिश अधिकाऱ्याने माल उतरवण्याचा हक्क बंद केला. पश्चिम खवळली. हॅमिल्टनने वृत्तपत्रातून सल्ला दिला: आधी न्यू ऑर्लिन्स आणि फ्लोरिडा ताब्यात घ्या, मग बोलणी करा. जेफरसनने जेम्स मन्रोला (हाच पुढे राष्ट्राध्यक्ष झाला) बोलणी करायला पॅरिसला धाडले. दोघांत फरक होता तो साधनांचा आणि घाईचा. वस्तू तीच हवी होती.

मन्रो पॅरिसला पोहोचण्याच्या आदल्या दिवशी, ११ एप्रिल १८०३ ला, फ्रेंच परराष्ट्रमंत्री तालेराँने लिव्हिंग्स्टनला सहज विचारावे तसे विचारले की सगळे लुइझियाना घेतलेत तर काय द्याल? नेपोलियनचे मन का बदलले, याचे उत्तर वॉशिंग्टनमध्ये नाही, सें-दोमँग या फ्रेंच वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत आहे. तिथल्या गुलामांनी १७९१ मध्ये उठाव केला होता. तो मोडायला आलेली नेपोलियनचा सेनापती लेक्लेर याची फौज त्यांनी आणि पीतज्वराने मिळून संपवली. लेक्लेर स्वतः नोव्हेंबर १८०२ मध्ये त्या तापाने मेला. ऊस आणि कॉफीचे ते बेट हातून गेल्यावर त्याला धान्य पुरवणारे लुइझियाना नेपोलियनला कशाला हवे होते? ब्रिटनशी युद्ध तोंडावर आलेले, पैसा हवा होता. ३० एप्रिलच्या तारखेने करार झाला. किंमत दीड कोटी डॉलर, त्यात अमेरिकी नागरिकांचे फ्रान्सकडून येणे असलेले पैसेही धरलेले. क्षेत्रफळ सुमारे ८ लाख २८ हजार चौरस मैल. कर्जरोखे खपवले अ‍ॅमस्टरडॅमच्या होप पेढीने आणि लंडनच्या बेअरिंग पेढीने. म्हणजे ब्रिटनशी लढायला निघालेल्या नेपोलियनला लंडनमधून पैसा गेला.

ज्यांच्या लढ्यामुळे हा सौदा शक्य झाला त्या हैतीला जेफरसनने मान्यता दिली नाही. उलट १८०६ मध्ये व्यापारबंदी घातली. मान्यता मिळायला १८६२ उजाडले, लिंकन यावा लागला. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या माणसाच्या आदर्शवादाची हद्द इथे दिसते आणि ती दाखवल्याशिवाय उत्तर पूर्ण करू नका. दक्षिणेतल्या मळेवाल्यांच्या मनात गुलामांच्या उठावाची जी धास्ती होती, ती या काळातल्या अमेरिकी परराष्ट्र धोरणाची एक मूळ प्रेरणा आहे.

घटनेचेही घोडे अडले होते. नवा प्रदेश विकत घेण्याचा अधिकार राज्यघटनेत कुठे लिहिलेला नाही आणि घटनेचा शब्दशः अर्थ लावावा असा आग्रह धरणाऱ्यांचा तर जेफरसन म्होरक्या. त्याने घटनादुरुस्तीचा मसुदा केलाही. पण नेपोलियन मागे फिरेल अशी चिन्हे दिसताच मसुदा बाजूला गेला आणि ऑक्टोबरात सिनेटने २४ विरुद्ध ७ मतांनी करार मंजूर केला. न्यू इंग्लंडच्या फेडरलिस्टांनी, म्हणजे हॅमिल्टनच्या पक्षाच्या लोकांनी विरोध केला हे खरे. पण जमीन घेणे चूक आहे म्हणून नव्हे, नव्या राज्यांमुळे आपले वजन घटेल म्हणून.

आणि आता त्याच वर्षीचा दुसरा कागद. २७ फेब्रुवारी १८०३, मन्रो अजून बोटीतही बसलेला नाही. जेफरसन इंडियाना प्रांताचा गव्हर्नर विल्यम हेन्री हॅरिसन याला खासगी पत्र लिहितो. सरकारी व्यापारी ठाणी वाढवा, मूलनिवासींमधले वजनदार लोक कर्जात गेले तर आपल्याला आनंदच आहे, कारण कर्ज फेडीच्या पलीकडे गेले की ते जमीन देऊन मोकळे व्हायला तयार होतात, असे त्यात सरळ लिहिले आहे. सावकारी पाशाची ही रीत मराठी वाचकाला वेगळी समजावून सांगायला नको. लिव्हिंग्स्टनचे पत्र आणि हॅरिसनचे पत्र यांत वर्षही गेलेले नाही. पहिल्यात सत्तासमतोलाचा थंड हिशेब, दुसऱ्यात जमिनीची भूक. आणि १८०९ मध्ये हाच माणूस मॅडिसनला क्युबा व कॅनडाविषयी लिहिताना 'स्वातंत्र्यासाठीचे साम्राज्य' हे शब्द वापरतो, आणि ते त्याला अगदी मनापासून खरे वाटत होते. त्याला दांभिक म्हणून मोकळे होणे सोपे आहे. अवघड हे समजणे आहे की स्वतःची जमीन कसणारा शेतकरी हाच प्रजासत्ताकाचा पाया, असा त्याचा ठाम विश्वास होता आणि त्या विश्वासालाच न संपणारी जमीन लागत होती. इथे आदर्शवादच विस्ताराला इंधन पुरवतो. म्हणून म्हणतो, रकाने पुसा.

जेफरसनचा आदर्शवाद खऱ्या अर्थाने उघडा पडला तो १८०७ च्या निर्यातबंदीत. युद्ध न करता, व्यापार थांबवून ब्रिटन-फ्रान्सला वठणीवर आणायचे. निर्यात १०.८ कोटी डॉलरवरून वर्षभरात २.२ कोटींवर आली. न्यू इंग्लंडच्या गोद्यांत जहाजे कुजली, कॅनडाच्या हद्दीवर चोरटा व्यापार फोफावला, लंडन हलले नाही. मार्च १८०९ मध्ये बंदी उठली. १८१२ च्या युद्धाबद्दल इथे एवढेच: ब्रिटन-अमेरिका बरोबरीत सुटले, हरले ते मूलनिवासी. त्यांचा नेता, शॉनी जमातीचा टेकुमसे, १८१३ मध्ये मारला गेला. युद्ध संपवणाऱ्या गेंटच्या वाटाघाटीत ब्रिटिशांनी आधी मूलनिवासींसाठी स्वतंत्र पट्टा मागितला आणि मग ती मागणी सोडून दिली.

मन्रो सिद्धान्ताकडे येऊ, म्हणजे युरोपच्या सत्तांनी अमेरिका खंडात हात घालू नये, या राष्ट्राध्यक्ष मन्रोने १८२३ मध्ये मांडलेल्या भूमिकेकडे. त्याचा खरा कर्ता परराष्ट्रमंत्री, पॅरिस तहातल्या जॉन अॅडम्सचा मुलगा, जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स. ४ जुलै १८२१ चे त्याचे भाषण सगळे उद्धृत करतात: अमेरिका राक्षसांचा नायनाट करण्यासाठी परदेशी जात नाही, ती सर्वांच्या स्वातंत्र्याची हितचिंतक आहे, पण पाठीराखी फक्त स्वतःच्या. संयमाचा हा पुतळा तीन वर्षांपूर्वी काय करत होता? १८१८ मध्ये अँड्र्यू जॅक्सन सेमिनोल या मूलनिवासी जमातीचा पाठलाग करत स्पॅनिश फ्लोरिडात घुसला, सेंट मार्क्स आणि पेन्साकोला घेतले, दोन ब्रिटिश नागरिकांना मृत्युदंड दिला. सगळे मंत्रिमंडळ त्याच्यापासून हात झटकायला निघाले होते. एकटा अ‍ॅडम्स त्याच्या बाजूने उभा राहिला आणि स्पेनला कळवले: एक तर फ्लोरिडात पुरेशी फौज ठेवा, नाही तर नावापुरता उरलेला हा प्रांत आम्हाला द्या. १८१९ च्या करारात फ्लोरिडा मिळाले, वर ४२ व्या अक्षांशाने पॅसिफिकपर्यंतचा दावाही.

त्या काळात लॅटिन अमेरिकेतली नवी प्रजासत्ताके मान्यतेसाठी दारात उभी होती आणि हेन्री क्ले काँग्रेसमध्ये त्यांच्यासाठी गर्जत होता. अ‍ॅडम्सने त्यांना थांबवून धरले. स्पेन दुखावला तर कराराला मंजुरी देणार नाही, हा हिशेब. फेब्रुवारी १८२१ मध्ये मंजुरीपत्रांची अदलाबदल झाली. मान्यता आली १८२२ मध्ये. हा क्रम उत्तरात जरूर लिहा. तीन ओळींत सगळे येते.

१८२३ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्री कॅनिंगने प्रस्ताव दिला: स्पेनच्या जुन्या वसाहतींत युरोपच्या इतर सत्तांनी हात घालू नये, असे आपण दोघे मिळून जाहीर करू, आणि आपणही त्यातला तुकडा घेणार नाही असे म्हणू. जेफरसन आणि मॅडिसन या दोघा माजी राष्ट्राध्यक्षांनी मन्रोला 'घ्या' असा सल्ला दिला. अ‍ॅडम्सने ७ नोव्हेंबरच्या बैठकीत विरोध केला: ब्रिटिश युद्धनौकेच्या मागे डिंगीसारखे फरफटत जाण्यापेक्षा आपले तत्त्व रशिया आणि फ्रान्सला स्वतःच स्पष्ट सांगावे. हे वाक्य स्वाभिमानाचे आहेच. पण कॅनिंगच्या दुसऱ्या अटीने क्युबा आणि टेक्सासबाबत हात बांधले जाणार होते. त्याच एप्रिलमध्ये अ‍ॅडम्सने माद्रिदमधल्या अमेरिकी वकिलाला लिहिले होते की झाडावरून तुटलेले सफरचंद जसे जमिनीवर पडते तसा क्युबा स्पेनपासून सुटला की आमच्याकडेच येणार.

मन्रोच्या मनात तुर्की सत्तेविरुद्धच्या ग्रीक उठावाला जोरदार पाठिंबा द्यायचे होते. मसुद्यात तसे होतेही. अ‍ॅडम्स अडून बसला. युरोपने इकडे येऊ नये म्हणायचे तर आपण ग्रीसमध्ये कसे जाणार? २ डिसेंबरच्या संदेशात ग्रीकांसाठी फक्त सदिच्छा उरल्या. तेव्हा तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर: तत्त्व खरे होते, हितही खरे होते, आणि ते राबवण्याची ताकद उसनी होती. युरोपला रोखत होते ते ब्रिटिश आरमार. १८३३ मध्ये ब्रिटननेच फॉकलंड बेटे घेतली तेव्हा वॉशिंग्टनने या सिद्धान्ताचे नावही काढले नाही. डिसेंबर १८४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष पोकने त्याला पुन्हा बाहेर काढले, ते ओरेगॉन आणि कॅलिफोर्नियाकडे नजर ठेवून.

याच पोकच्या मेक्सिको युद्धाला मे १८४६ मध्ये प्रतिनिधिगृहात विरोधी मत देणारे फक्त १४ सदस्य निघाले. त्यांत म्हातारा झालेला अ‍ॅडम्स होता. पण त्याने विस्ताराची साथ सोडली, असे मात्र लिहू नका. त्याच वर्षी फेब्रुवारीत, संपूर्ण ओरेगॉन आपलेच आहे हे सांगण्यासाठी त्याने सभागृहाच्या कारकुनाकडून बायबलमधले 'फळा, वाढा, पृथ्वी व्यापा' हे वचन वाचून घेतले होते. टेक्सासच्या दिशेने गुलामगिरी पसरणार होती, ओरेगॉनच्या दिशेने नाही. त्याचा विरोध तेवढ्यापुरता होता.